निळ्या ड्रमातलं शिळं पाणी

मी ड्रम बोलतोय. दिवा स्टेशनपासून वीस मिनिटं चालत आलात की एक पिवळी बिल्डिंग लागते. तिच्या चौथ्या मजल्यावर मोरीला लागून उभा आहे तो निळा, दोनशे लिटरचा मी. आज गळ्यापर्यंत भरलेला आहे, तरी माझ्या जिवाला चैन नाही. का ते सांगतो.

माझा जन्म कुठला, मला ठाऊक नाही. आठवतं ते आंबिवलीकडच्या एका लोणच्याच्या कारखान्यापासूनचं. दोन वर्षं माझ्या पोटात कैरीच्या फोडी मिठात बुडून होत्या. मग कारखान्यात नवे ड्रम आले आणि माझी रवानगी विठ्ठलवाडीच्या भंगारवाल्याकडे झाली. तिथून मला गुणाजींनी आणलं. ठाण्याच्या एका शाळेतून शिपाई म्हणून रिटायर झालेला हा साधा माणूस. चार जिने मला खांद्यावर घेऊन चढले आणि धापा टाकत बायकोला म्हणाले, "घे, तुझी विहीर आणली!"

बायको कलावती, माहेरची देवगडकडची. तिने आठ दिवस मला राख, चिंच आणि लिंबाच्या साली लावून घासलं, तेव्हा कुठे खाराचा वास गेला. इतक्या मायेने मला कधी कुणी हात लावला नव्हता. तेव्हापासून मी तिचाच झालो.

पण तिची एक खोड होती. माहेरी दारात विहीर. तिथे रात्रीचं पाणी सकाळी शिळं धरायचे, ते माडाच्या मुळाशी ओतायचे, भांडी घासायचे आणि ताजं भरायचे. इथे पाणी दिवसाआड, पहाटे साडेपाचला, तेही पाऊण तास. माड कुठला, मोरीच! तरी पाण्याच्या दिवशी पाच वाजले की बाई मला कलंडवायची. सून मेघाली कळवळायची.

"आई, पाणी कधी शिळं होतं का?"

"तुझ्या माहेरी होत नसेल. माझ्या देवाला चालत नाही."

मलाही तेव्हा मौज वाटायची. घासून स्वच्छ व्हायला कुणाला आवडत नाही?

मे महिना उजाडला. पाणीबिलासोबत एक कागद आला. एका बाजूला सूचना होती की शुक्रवारी दुरुस्तीसाठी पाणीपुरवठा चोवीस तास बंद राहील, पाणी साठवून ठेवा. दुसऱ्या बाजूला उन्हाळ्यातली काळजी: दुपारी बारा ते चार बाहेर पडू नका, ऊन लागलं तर माणसाला सावलीत झोपवा, अंग ओल्या फडक्याने पुसत राहा. सातवा महिना लागलेल्या मेघालीने तो कागद सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. कलावतीने त्याची घडी घालून तेलाच्या बरणीखाली सरकवली.

"बंद म्हणतात आणि सोडतात. गेल्या खेपेला नाही सोडलं?"

गेल्या खेपेला सोडलं होतं, हे खरं. तिथेच घात झाला.

शुक्रवारी पहाटे पाच वाजता मी अर्धा भरलेला होतो. कलावती आली, पदर खोचला आणि मला कलंडवलं. नको गं बाई, नको, असं मी किती ओरडलो असेन! ड्रमाचं ओरडणं कोण ऐकतं? पाणी मोरीत गेलं. मला घासून उभं केलं आणि तोंडात पाइप दिला. साडेपाचला नळ दोनदा खोकला. नुसती हवा आली. सहा वाजले, सात वाजले, तरी ती पाइप धरून उभीच.

दुपारपर्यंत घरात मेघालीसाठी ठेवलेली एक बाटली तेवढी उरली. कोपऱ्यावर टँकर आल्याची बातमी आली तसे गुणाजींनी दोन कॅन उचलले.

"अहो, ऊन तरी उतरू दे."

"टँकर थांबतोय होय ऊन उतरेपर्यंत?"

एवढंच बोलून ते गेले. तू ओतलंस म्हणून ही वेळ आली, असं एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर तिला आज इतकं जड गेलं नसतं.

अडीच वाजता ते परत आले आणि दारातच कोसळले. दोन्ही कॅन आडवे झाले, झाकणं उडाली, सगळं पाणी जिन्यावरून खाली गेलं. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा टिपूस नाही. काहीतरी असंबद्ध बडबडत होते.

"आई, ओलं फडकं आणा! त्या कागदावर होतं ना, अंग पुसा म्हणून!" मेघालीने बाटली त्यांच्या छातीवर रिकामी केली. ती कितीशी पुरणार?

कलावती माझ्याकडे धावली. कमरेपर्यंत माझ्यात वाकली आणि फडकं माझ्या तळाला घासत राहिली. "देवा, अर्धा तांब्या तरी दे रे!" फडकं कोरडंच वर आलं. तिने दोन्ही मुठींनी मला बडवलं. आयुष्यात मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नाही.

शेवटी समोरच्या रंगूबाई धावत आल्या. खाडीकाठच्या कोळीवाड्यातली बाई ती, पिण्याची कळशी तिने सरळ गुणाजींवर ओतली. "कालचंच हाय गो," म्हणाली. तोवर पाव तास गेला होता. मुलगा जयेश रिक्षा घेऊन आला आणि त्यांना कळव्याला दवाखान्यात नेलं.

आज अकरावा दिवस. गुणाजींनी डोळे उघडलेले नाहीत.

शनिवारी पाणी आलं तेव्हा कलावतीने मला काठोकाठ भरलं. तेव्हापासून कुणाला तांब्याही बुडवू देत नाही. घर बादल्यांवर चाललंय. दिवसातून दहादा येते, झाकण उचलून बघते आणि ते तसंच वाकडं ठेवून जाते. "हे घरी आले आणि पाणी नसलं तर?" असं माझ्याशीच बोलते.

माझ्या पाण्यात आता अळ्या वळवळतायत. संध्याकाळी माझ्यातून डास उठतात आणि मेघालीच्या पायांवर बसतात. काल तिला ताप भरला. जयेश म्हणाला, "आई, हा ड्रम ओतू दे मला. हिला डेंग्यू झाला तर?"

कलावतीने मला दोन्ही हातांनी मिठी मारली. "पाया पडते तुझ्या. एक थेंब सांडू नकोस." तो डोळे पुसत बाहेर गेला.

कलावती, तुला गरज होती तेव्हा मी रिकामा होतो. त्याचं दुःख तुझ्याइतकंच मला आहे. पण मला भरून ठेवलंस म्हणून ते डोळे उघडणार नाहीत. आत मेघाली कण्हतेय, तिच्या पोटात तुझं नातवंड आहे. मला ओत, बाई. आत्ता ओत.