सरोजिनीबाईंच्या नावचं तिकीट

मित्रांनो, तिकिटाचं आयुष्य ते केवढं! खिडकीतून निघायचं, दारावर कोपरा फाडून घ्यायचा, की जन्माचं सार्थक झालं. मी मात्र आयफेल टॉवरचं एक जुनं, अजून न फाटलेलं तिकीट आहे. जन्म पॅरिसचा, मुक्काम जालना.

१९८७ साली नरहरराव कारखान्याच्या कामासाठी तिकडे आले होते. तासभर रांगेत उभं राहून त्यांनी खिडकीपाशी दोन बोटं दाखवली. तिकीटवालीने त्यांच्या मागे डोकावून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. माझं जोडीदार तिकीट दारावर फाटलं, मी कोराच राहिलो.

घरी येऊन त्यांनी मला पत्नीच्या, सरोजिनीबाईंच्या हातावर ठेवलं. "पूजेला बायको हजर नसली तर सुपारी मांडतात न्हाई का? तसं तुझं तिकीट काढलं."

"सुपारीला काय दिसणार, कर्म!" बाई हसल्या, पण डोळे भरले होते. "मला न्या वो एकदा."

"पुढच्या साली जाऊ. बिलकुल जाऊ."

बाईंनी मला आरशाच्या चौकटीत खोवलं. हळदीकुंकवाला आलेल्या शेजारच्या पुष्पाबाईंनी तर मला चक्क कुंकू लावलं! केवढा मान! पण पुढचं साल काही उजाडेना. मुलीचं शिक्षण, सासऱ्यांचं दुखणं, घराचं बांधकाम. आरशातून मी कपाटात गेलो, साडीच्या घडीत. टॉवरच्या त्या दाराची मलाही फार ओढ लागली होती. दर उन्हाळ्यात बाई मला काढून विचारायच्या, "वरून काय दिसतं वो?"

"सांगून मजा जाईल. दाखवतोच की," नरहरराव म्हणायचे.

२००३ साली, ते निवृत्त झाल्यावर, पासपोर्ट आले. तोवर शुगरनं बाईंची नजर नेली होती. त्यांनी मला मागून घेतलं आणि बोटांनी चाचपलं.

"मंग सांगा आता. काय दिसतं वरून?"

नरहरराव त्यांच्याजवळ येऊन बसले.

"खरं सांगू? मी बी न्हाई पाह्यलं. तू संगं नव्हतीस, जीवच लागंना. हे तिकीट मुठीत धरलं अन् जल्दी खाली आल्तो."

बाईंनी त्यांचा हात शोधून घट्ट धरला. "मला वाटायचं, तुम्ही तरी पाह्यलं."

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा. मला सोळा वर्षं जपलं, एक सुरकुती पडू दिली नाही. मला नका जपू. जिला न्यायचंय, तिला आधी न्या.