एका थर्मासने पाहिलेली भरगच्च सुट्टी

मित्रांनो, मी एक जुना थर्मास आहे. स्वयंपाकघराच्या फळीवर, चाळणी आणि खलबत्ता यांच्या मध्ये, तोंड उघडे टाकून बसलेला असतो. घरी पाहुणे आले की कुणीतरी हमखास विचारते, "याचं झाकण हरवलंय का हो?" हरवलेले नाही. ते माझ्या शेजारीच पालथे ठेवलेले आहे. ते तसे का ठेवले आहे हे ज्याला कळले, त्याला सुट्टी म्हणजे काय हेही कळले, असे मी समजतो. बाकीच्यांनी खुशाल मोठ्या शहरात जावे आणि रांगेत उभे राहावे.

माझा जन्म काचेच्या कारखान्यात झाला. माझ्या पोटात एकात एक अशा दोन काचा आहेत. त्या दोन काचांच्या मध्ये काही नाही. हवासुद्धा नाही, ती कारागिराने मुद्दाम काढून घेतली. लोकांना वाटते, चहा काचेमुळे गरम राहतो. काच बिचारी नुसती उभी असते. खरे काम मधली ती रिकामी जागा करते.

माझ्या पत्र्याच्या अंगाला जन्मतःच एक पोचा होता, म्हणून मी दुकानात गेलो नाही. कारखान्यातल्या पॅकरने मला घरी नेले. हा माणूस आपल्या कामात पक्का होता. खोके हलवले आणि आत खडखडले, की माल फुटणार हे त्याला ठाऊक. म्हणून तो खोक्यात बोटभर जागासुद्धा मोकळी सोडत नसे. भुसा, कागद, चिंध्या, मिळेल ते कोंबून तो खोके असे गच्च करी की आत मुंगीने कूस बदलू नये. कारखान्यात ही सवय गुणाची होती. घरी आली की ती डोक्याला ताप होई.

त्याची बायको लॉन्ड्रीत इस्त्री करायची. दिवसभर टेबलापाशी उभी. संध्याकाळी तिचे पाय असे सुजत की घोट्याचे हाड कुठे गेले ते शोधावे लागे. वर्षातून एकदा लॉन्ड्रीचा बॉयलर साफसफाईसाठी बंद ठेवत, तेवढीच तिची सुट्टी. त्या आठवड्यात नवरा-बायको आणि त्यांची लेक चिमी, तिघे तळ्याकाठी राहणाऱ्या मावशीकडे जात. ही चिमीची मावशी, म्हणजे इस्त्रीवालीची थोरली बहीण. तिथे इस्त्रीवाली पाण्यात पाय सोडून बसे आणि मी तिच्या उजव्या हाताशी असे.

"आज काय करायचं गं, ताई?" ती सकाळी विचारी.

"काही नाही."

"मग लवकर सुरुवात करू या. नाहीतर दिवस पुरत नाही."

माझ्या आयुष्यातला तो मानाचा काळ. कपात चहा ओतला की मावशी म्हणे, "याच्यासारखा गडी नाही. बोलत नाही, पण धरून ठेवतो." संध्याकाळी इस्त्रीवाली मला गरम पाण्याने विसळी, उलटा धरून झटके आणि तोंड उघडे ठेवून खिडकीत बसवी. घरी असो वा तळ्यावर, हा नेम कधी चुकला नाही.

मग वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर मोठ्या शहरात फिरून आले आणि आमची साडेसाती सुरू झाली. जिन्यात गाठून ते पॅकरला म्हणाले, "दरवर्षी त्याच डबक्यावर? अहो, ही सुट्टी नव्हे, हा आळस झाला. शहर बघा शहर! माणसाचे डोळे उघडतात." स्वतःचे डोळे परत आल्यापासून झोपेअभावी मिटत होते, ते सोडा.

त्याच आठवड्यात पायाच्या डॉक्टरांनी इस्त्रीवालीला बजावले होते, "या सुट्टीत पाय वर करून बसा. सूज उतरली तर ठीक, नाहीतर उभ्याचं काम सोडावं लागेल." तिला काम सोडायचे नव्हते. तिच्या हाताची इस्त्री लोक नाव घेऊन मागत. डॉक्टरांचे बोलणे सांगून ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, या वर्षी तरी तळ्यावरच जाऊ."

"अगं, बसमधूनच तर बघायचंय सगळं. चालायचं कुठं आहे?" तो म्हणाला. त्याला खरेच तसे वाटत होते. खोटे बोलणारा माणूस नव्हता तो. नुसता भरणारा होता.

तर मित्रांनो, मी मोठे शहर पाहिले आहे. दुरून डोंगर साजरे म्हणतात, पण हा डोंगर दुरूनही साजरा नव्हता. आमची खोली सहाव्या मजल्यावर होती. दार उघडायचे तर खुर्ची पलंगावर ठेवायची आणि खुर्चीवर बसायचे तर दार लावायचे, एवढी ऐसपैस. सकाळी न्याहारीला रांग, बसला रांग, संग्रहालयाला रांग. आत गेल्यावर ज्या चित्रासाठी एवढा आटापिटा, त्याच्यापुढेही रांग. चित्राने माणसांकडे बघितले असेल तेवढेच. माणसे आपापल्या फोनकडे बघत होती. दुकानांतून हिंडून चिमीसाठी जो कंगवा घेतला, तो आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर मिळतो, आणि दुकानदार वर हसतोही.

पॅकरने सुट्टीचे खोके भरायला घेतले होते. दोन ठिकाणांच्या मध्ये जरा फट दिसली, की तो तिसरे ठिकाण कोंबायचा. "बाग जवळच आहे, उरकून टाकू. पूल वाटेतच आहे, तोही होऊन जाईल." माणसे बागेत बसायला जातात असे मी समजत होतो. उरकायलाही जातात, हे तिथे कळले. इस्त्रीवाली उभ्या उभ्या चहा घेई आणि एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकी. लॉन्ड्रीत निदान उभे राहिल्याचा पगार मिळत होता!

माझी काय दशा झाली म्हणता? उरलेला चहा पोटात तसाच ठेवून, झाकण घट्ट आवळून, मला पिशवीत उलटसुलट खुपसले जाई. रात्री तिला विसळायची ताकद नसे. सकाळी त्याला वेळ नसे. जुन्यावर नवा चहा. मी आतून आंबलो. नाक मला नाही, पण लाज आहे.

परतायच्या आदल्या दिवशी सकाळी तिने झाकण फिरवले आणि एकदम तोंड मागे घेतले.

"काय झालं?" पॅकर बुटाची नाडी बांधत होता.

"वास मारतोय."

"मग विसळ आणि भर पटकन. मनोऱ्याची रांग लांबते उन्हाबरोबर."

तिने मला घासले, दोनतीनदा गरम पाण्याने विसळले, झटकले आणि खिडकीत ठेवले. झाकण शेजारी पालथे. मग खुर्ची ओढली, बॅग समोर घेतली आणि तिच्यावर दोन्ही पाय टाकले.

"हे काय?"

"हा वाळेपर्यंत मी कुठे येत नाही."

"अगं, फडक्यानं पूस की!"

"आतून फडकं फिरतं होय याच्या? जन्मभर थर्मास पॅक करताय, एवढं माहीत नाही? वाळायलाच लागतो तो."

"पण किती वेळ लागेल?"

"ते त्याला विचारा."

पॅकरने खरोखरच माझ्याकडे पाहिले. मी कशाला बोलतोय! चिमी फिस्सकन हसली. "बाबा, तो नाही म्हणतोय."

शेवटी दार उघडण्यापुरती तिने खुर्ची पलंगावर ठेवली आणि बापलेक दोघेच मनोऱ्याला गेले. दार लागले आणि खोली एकदम मोठी झाली.

तिने त्या दिवशी काय केले ते सांगतो. काही नाही. समोरच्या गच्चीवर दोरीवर कपडे वाळत होते. सदरे, चादरी, एक लांबलचक झगा. ते वाऱ्याने फुगले, वाळले, चुरगळले. ती बघत राहिली. कुणाचे कपडे, कोण जाणे. दुपारी एक बाई आली आणि बोळे करून घेऊन गेली. "असू दे बाई, तसेच घाल," इस्त्रीवाली स्वतःशीच म्हणाली आणि हसली. मग डुलकी लागली. ऊन सरकत तिच्या पायांवर आले तेव्हा मला घोट्याचे हाड दिसले. दिसले म्हणजे दिसले, शपथ!

संध्याकाळी दोघे परतले. पॅकर पलंगाच्या कडेवर बसला आणि बूट काढून तळवे चोळू लागला.

"वरून काय दिसलं गं, चिमे?" इस्त्रीवालीने विचारले.

"डोकी. माणसांची. आणि त्यांच्या पलीकडे धुकं."

 पॅकरची नजर बायकोच्या पायांकडे गेली आणि तिथेच थांबली. पायाचे डॉक्टर काय म्हणाले होते ते त्याला आत्ता ऐकू आले असावे. मग तो उठून माझ्यापाशी आला.

"वाळला का गं?"

"बघा तुम्हीच."

त्याने मला उजेडाकडे धरले, एक डोळा मिटून आत पाहिले. मित्रांनो, मी दुपारीच कडकडीत वाळलो होतो. काचेतला थेंब त्या माणसाला अंधारातही कळतो. त्याने मला अलगद परत ठेवले. झाकण जरासे सरकले होते, ते नीट पालथे केले.

"ओला आहे अजून," तो म्हणाला. "उद्या निघायच्या आधीचा बाजार राहू दे." आणि बायकोच्या पायांशेजारी स्वतःचेही पाय बॅगेवर टाकून बसला.

घरी आल्यावर डॉक्टरांनी जिन्यात विचारले, "काय काय पाहिलंत?"

"फारसं नाही जमलं," पॅकर म्हणाला. "थर्मास ओला होता."

इस्त्रीवालीचे काम टिकले. सूज उतरली होती, आणि पहिल्याच दिवशी तिने मालकाकडे एक उंच स्टूलही मागून घेतले. पुढच्या वर्षी आम्ही तळ्यावर गेलो.

आता कुणी विचारील, शहरातली सहल ही खरी सुट्टी धरायची का? माझ्या मते तिथला एकच दिवस धरावा, ज्या दिवशी शहर पाहिले नाही. आणि शहर न पाहण्यासाठी तिकीट कशाला काढायचे?

आता मी म्हातारा झालो. चिमीने स्टीलची बाटली आणली आहे; ती पडली तरी फुटत नाही आणि तिला त्याचा गर्व आहे. माझ्यात आता कुणी चहा भरत नाही. पण इस्त्रीवालीने मला टाकले नाही. आठवड्याला एकदा ती मला पुसते आणि झाकण मुद्दाम बाजूला ठेवते.

मित्रांनो, माझे मागणे मोठे नाही. भरलेले भांडे झाका, पण रिकामे केलेले उघडे ठेवा. त्याला वारा लागू द्या. घरातल्या थकलेल्या माणसालाही कधी असेच खिडकीशी बसू द्या आणि त्याच्यात लगेच काही ओतू नका. कुणी बाहेरून घाई करू लागले, तर त्याला सांगा, थर्मास अजून वाळायचा आहे.