तिसऱ्या रांगेतल्या ताईंची अकरा गाणी

मित्रांनो, शाळेच्या व्हरांड्यात ज्याच्यावर तुम्ही दप्तरं आपटता, ते काळं अवजड धूड म्हणजे मी. मी एक जुना पियानो आहे. माझ्या निम्म्या पट्ट्या आता दाबल्या तर नुसत्या खटखटतात. पण मी आज बोलायला लागलो आहे तो स्वतःचं रडगाणं गायला नव्हे.

चार सुतारांनी मिळून मला घडवलं. मग एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, साठ खुर्च्यांच्या छोट्या सभागृहात मला आणलं. जिना चढवताना हमालांचा जीव मेटाकुटीला आला होता. तिथे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी एक गायिकाबाई गायच्या आणि त्यांचे धाकटे दीर मला वाजवायचे. त्या त्यांना 'भावजी' म्हणत, ते त्यांना 'वहिनी'.

ती गाणी नाटकातली नव्हती, की नाचायची नव्हती. एक कविता, एक गळा आणि मी, तीन-चार मिनिटांचा सगळा मामला. प्रत्येक गाण्याआधी वहिनी संगीतकाराची ओळख करून द्यायच्या. एकाने मला दमलेल्या घोड्यासारखं चालायला लावलं होतं. दुसऱ्याने मला अख्ख्या गाण्यात चारच सूर दिले होते, आणि त्या चार सुरांनी लोकांचे डोळे भरून यायचे. दर महिन्याला नवा संगीतकार भेटायचा आणि मला वाटायचं, अरे, मला हेही बोलता येतं!

असंच वाटणारं आणखी एक माणूस तिसऱ्या रांगेत बसायचं. टपाल कचेरीत पार्सलं तोलणाऱ्या एक ताई. त्या संगीतकारांची नावं पार्सलाच्या कोऱ्या फॉर्मच्या पाठीवर टिपून घ्यायच्या आणि निघताना हळूच विचारायच्या, "यांची आणखी आहेत का हो गाणी?"

एका रविवारी सगळे गेल्यावर त्या माझ्यापाशी आल्या. पिशवीतून त्यांनी एक फाइल काढली.

"रागावणार नसाल तर एक दाखवू का? मीपण थोडं खरडलंय. कविता माझ्या बहिणीच्या आहेत. ती गेली. चाली मी लावल्यात."

भावजींनी भिडेखातर पहिलं पान माझ्यावर ठेवलं. दोन ओळी वाजवून त्यांचा हात थांबला. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"वहिनी, जरा इकडे या."

कवितेत अंथरुणाला खिळलेली एक बाई रस्त्यावरची पावलं ऐकते. ती पावलं ताईंनी माझ्या खालच्या सुरांत घातली होती. ती जवळ येत, दारापर्यंत पोचत आणि न थांबता पुढे जात. वहिनींनी ते गाणं कागदावरून पाहत पाहत म्हटलं. शेवटचा सूर संपताच त्या ताईंकडे वळल्या.

"अहो, इतकी वर्षं होतात कुठे तुम्ही?"

"तिसऱ्या रांगेत," ताई म्हणाल्या.

महिन्याभराने त्या अकरा गाण्यांचा कार्यक्रम झाला. अठराच माणसं आली. पावलांच्या गाण्यानंतर टाळ्या पडल्या, तेव्हा ताई मागे वळून पाहू लागल्या, कोण आलंय म्हणून. तेवढं सुख मला पुन्हा कधी मिळालं नाही.

गाण्यांची पानं त्या फाइलसकट माझ्या बैठकीच्या, म्हणजे वाजवणारा बसतो त्या बाकाच्या, पेटीत ठेवली गेली. "याची नक्कल काढायला हवी," असं तिघंही म्हणाली. ताई म्हणाल्या, रजा मिळाली की बसते. भावजींना वाटलं, वहिनींनी काढली असेल. वहिनींना वाटलं, भावजींनी. चार महिने असेच गेले.

मग रंगकामासाठी सभागृह पंधरा दिवस बंद होतं. माझ्या डोक्यावरचा पाण्याचा नळ फुटला. तीन दिवस पाणी माझ्यावर पडत राहिलं आणि तिथून बैठकीत झिरपत राहिलं. आत काय आहे ते मला ठाऊक होतं. पण मित्रांनो, कोणी बोट ठेवल्याशिवाय मला आवाज काढता येत नाही.

भावजींनी पेटी उघडली तेव्हा हाताला निळा लगदा लागला. ते तिथेच जमिनीवर बसले.

एका दुपारी तिघं आठवून पाहायला जमली. वहिनींना तीन चाली आठवत होत्या, त्याही अर्ध्यामुर्ध्या. डाव्या हाताच्या सुरांवरून दीर-भावजयीत भांडण जुंपलं. शेवटी दोघांनी ताईंकडे पाहिलं.

"मला नाही आठवत हो," ताई म्हणाल्या. "लिहून झालं की मी डोक्यातून काढून टाकायचे. नाहीतर कचेरीत वजनं चुकायची." मग उगाचच हसून म्हणाल्या, "राहू द्या. अठरा माणसांनी ऐकलं, पुष्कळ झालं."

"नवीन लिहा ना," भावजी काकुळतीला आले.

"कवितांची वही त्याच फाइलमध्ये होती."

त्यानंतर त्या आल्या नाहीत. वहिनी टपाल कचेरीत चौकशीला गेल्या, तर ताई नोकरी सोडून भावाकडे राहायला गेल्याचं कळलं. पाठवलेलं पत्र परत आलं. वहिनींनी मग दोन कार्यक्रम केले, तिसऱ्याच्या वेळी मधेच थांबल्या आणि माझं झाकण लावून निघून गेल्या. भिजलेला पियानो कोणाला हवा? मला शाळेला देऊन टाकलं.

मित्रांनो, तुमच्या घरात, शेजारी कोणीतरी गुपचूप काही लिहून ठेवत असेल. त्यांना आजच विचारा. पान हाती आलं तर त्याच दिवशी उतरवून घ्या. 'दुसऱ्याने घेतलं असेल' असं म्हणू नका, आम्हा सगळ्यांना त्याच वाक्याने बुडवलं. मी हे कळवळून सांगतो आहे, पण माझं नुकसान त्याने भरून येणार नाही. ती गाणी कशी होती, असं तुम्ही मला विचारलंत, तर दाखवायला माझ्याजवळ एक ओळही नाही.