साठाव्या आकड्यावरची मुंगी

मेंढीवाला तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याने आवाज चढवला नाही, म्हणूनच मला त्याचं बोलणं खरं वाटलं. फाटकापाशी उभा राहून, टोपी हातात घेऊन, तो माझ्याकडे नाही, माझ्या बायकोकडे बघत म्हणाला, "बाई, तुमच्याकडे बघून दोनदा सोडलं. पुढच्या खेपेला कुत्री कळपात शिरली तर मी सांगायला येणार नाही. माझ्याकडे बंदूक आहे आणि मेंढ्या गाभण आहेत."

"चावली का ती कुणाला?" मी विचारलं.

"चावायला कशाला पाहिजे? गाभण मेंढी नुसती घाबरून पळाली तरी पिल्लू जातं. दोन गेली माझी."

यावर मी काहीतरी बोललोच असतो. माझ्या नाकावर राग असतो हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. पण हिने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की शब्द घशातच राहिला. मेंढीवाला टोपी घालून निघून गेला आणि भिंगरी त्याच्या मागे फाटकापर्यंत शेपूट हलवत गेली. लाज म्हणून नाही तिला.

भिंगरी हे नाव हिनेच ठेवलं, आणि ते शोभतंही. ती कुत्री एका जागी बसलेली मी फक्त झोपेत पाहिली आहे. रोज तासभर मोकळं पळवलं नाही तर घरातली चप्पल, उशी, दाराची चौकट, जे दिसेल ते फस्त. दोरी लावून फिरवावं तर तिने हिला दोनदा तोंडावर पाडलंय.

पूर्वी दोरीची गरज नव्हती. ही मागच्या दारात उभी राहून 'भिंगरेऽ' अशी हाक घालायची आणि कुत्री कालव्यापलीकडून सुसाट यायची. गेल्या वर्षी हिच्या घशाची गाठ काढली. जीव वाचला, आवाज गेला. आता नुसतं कुजबुजते, तेही कान जवळ नेला तर ऐकू येतं. माझ्या हाकेला तर भिंगरीच्या लेखी काडीची किंमत नाही. मी लाइनमन होतो. चाळीस वर्षं खांबावरून खालच्या माणसांवर ओरडलो, निवृत्त झाल्यावर घरात ओरडायला लागलो, आणि भिंगरीने माझं ओरडणं पंख्याच्या घरघरीसारखं सोडून दिलं.

ऑपरेशननंतर तीन महिने ही खिडकीपाशी बसून असायची. मी बोललो तर मान हलवायची, तेवढंच. तिथून तिला उठवलं ते या कुत्रीने, अंगावर उड्या मारून, पदर ओढून. भिंगरीला गोळी लागली तर ही परत त्या खिडकीपाशी जाऊन बसणार हे मला दिसत होतं. मला भीती वाटत होती. सरळ सांगतो, खांबावर कधी वाटली नाही एवढी वाटत होती.

हिने आपल्या परीने एक खूळ काढलं होतं. स्वयंपाकघरात उभी राहायची, दोन टाळ्या वाजवायची, भिंगरी आली की उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यायची. दिवसातून वीस वेळा.

"नाटक संपलं का? टाळ्या कसल्या एवढ्या?" मी विचारायचो.

मलाही ती टाळीनेच बोलवायची. मला एक, कुत्रीला दोन. घरात किंमत कुणाची जास्त ते तेवढ्यावरून कळलं.

हिचा धाकटा भाऊ गोदामांच्या राखणीची कुत्री तयार करतो. मीच त्याला फोन केला. तो करंटचा पट्टा घेऊन आला. काळा पट्टा, त्यावर काड्यापेटीएवढी डबी, डबीला आतून दोन बोथट टोकं, ती कुत्र्याच्या कातडीला टेकतात. सोबत मुठीत मावेल असा रिमोट. एक बटण दाबलं की डबी टीं करते, दुसरं दाबलं की झटका. झटका किती जोराचा ते चाक फिरवून ठरवायचं, एक ते शंभर.

"दाजी, हे नीट ऐका," मेहुणा म्हणाला. त्याला माझा स्वभाव माहीत आहे. "पहिले पंधरा दिवस लांब दोरी लावायची आणि नुसतं टीं वाजवायचं. टीं झालं की खाऊ. झटका त्यानंतर, तोही आधी स्वतःच्या हातावर लावून बघायचा. एकापासून चाक वर न्यायचं. अंगावर मुंगी चालल्यासारखं वाटलं की थांबायचं. तोच तिचा आकडा, त्याच्या वर जायचं नाही."

"बरं."

"आणि ती माणसाकडे बघत असताना कधीही दाबायचं नाही. ज्याच्याकडे बघत असेल त्याच्यामुळेच लागलं असं तिला वाटतं. एकदा वाटलं की वाटलं."

"अरे बाबा, मी चाळीस वर्षं करंटमध्येच काढली."

"म्हणूनच सांगतोय," तो म्हणाला.

त्याच दुपारी ही आंघोळीला गेल्यावर मी टेबलाशी बसलो आणि ती दोन टोकं उजव्या तळहातावर दाबून धरली. एकावर काही नाही. पाचावर नाही. वीसवर नाही. मला हसू आलं, एवढ्याशा डबीत करंट असून असून किती असणार. चाळीसवर काहीतरी असेल-नसेल असं. साठावर मुंगी चालली.

साठ, मी ठरवलं. नियमाप्रमाणे.

आता हे तळहात कसले आहेत ते सांगायला हवं. तारा ओढून, खांब धरून त्यांना असे घट्टे पडलेत की गॅसवरचं उकळतं पातेलं मी फडक्याशिवाय उतरवतो. ही दरवेळी डोळे मिटून घेते. मी दरवेळी ऐटीत पातेलं ओट्यावर ठेवतो. त्या दुपारी हे माझ्या डोक्यात आलं नाही. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तशातली गत.

पंधरा दिवसही मी काढले नाहीत. तीन दिवस दोरी लावली, चौथ्या दिवशी भिंगरीने ती दातांनी तोडली. मग मी म्हटलं, पट्टा आहे, रिमोट आहे, दोरी कशाला? ही कुजबुजली, "अहो, त्याने पंधरा सांगितलेत." मी म्हणालो, "त्याचा तो धंदा आहे, त्याला पंधराच सांगावे लागतात."

पाचव्या दिवशी सकाळी आम्ही दोघं कुत्रीला घेऊन कालव्यालगतच्या माळावर गेलो. मेंढ्या नेहमी कालव्याच्या पलीकडे असतात. मी बांधावरून नजर टाकली, पलीकडचं गवत मोकळं होतं, म्हणून निर्धास्तपणे कुत्रीला सोडलं. अलीकडे, पंपघराच्या आडोशाला कळप आहे का, हे मी बघितलंच नाही.

भिंगरीला वास आधी आला. ती थांबली, नाक वर केलं आणि सुटली.

"भिंगरी," मी ओरडलो. तिने कानही हलवला नाही. कळप एकदम उठला, गळ्यातल्या घंटा खणखणल्या, आणि पंपघरामागून मेंढीवाला उभा राहिला. त्याने खांद्यावरची बंदूक काढली. घाईने नाही, अगदी सावकाश, ठरवून ठेवलेलं काम करावं तशी.

माझ्या पाचावर धारण बसली. रिमोट खिशात होता, खिशाला रुमाल अडकला होता. रिमोट निघाला तर उलटा निघाला. बटणं चाचपताना माझे डोळे बंदुकीच्या नळीवरून हलत नव्हते. डावीकडे कुठेतरी टाळी वाजली. दोन वाजल्या. मला त्या ऐकू आल्या, पण डोक्यात शिरल्या नाहीत. अंगठ्याला बटण सापडलं आणि मी दाबलं. दाबून धरलं.

तेव्हा कुठे मी कुत्रीकडे बघितलं.

ती कळपाकडे धावत नव्हती. ती वळली होती. तिचं तोंड हिच्याकडे होतं, कान उभे होते, पुढचा पाय हिच्या दिशेने उचललेला होता.

भिंगरी जशी किंचाळली तसा आवाज मी आयुष्यात एकदाच ऐकला होता, खांबावर, माझ्या सोबत्याचा. ती हातभर उंच उडाली, पाठीवर पडली, उठली आणि पंपघराच्या ओट्याखाली जी फट आहे तिच्यात घुसली. माझा अंगठा अजून बटणावर होता. तो उचलायचं मला सुचायला वेळ लागला.

ही धावली. फटीपाशी गुडघे टेकून तिने हळूच दोन टाळ्या वाजवल्या. आतून गुरगुर आली. हिने पुन्हा वाजवल्या. भिंगरी आणखी आत सरकली आणि तिथल्या तिथे मुतली. जी कुत्री हिच्या ताटाजवळ डोकं ठेवून झोपायची, ती हिला दात दाखवत होती.

मेंढीवाला जवळ आला. "कुत्री बिथरली आहे," तो म्हणाला. "मी कळप या अंगाने बाहेर काढतोय. तोवर तिला धरा. सुटून मेंढ्यांकडे आली तर मला इलाज नाही."

मी फटीत तोंड घालून ओरडलो, "ये बाहेर, भवाने." ती दिसेनाशी झाली. हिने मागून येऊन माझ्या तोंडावर हात ठेवला. चाळीस वर्षांच्या संसारात तिने असं कधी केलं नव्हतं. माझा दंड धरून तिने मला खाली बसवलं, फटीकडे पाठ करून, आणि स्वतः माझ्या शेजारी तशीच बसली. घाबरलेल्या जनावराकडे बघायचं नाही, हे मेहुण्याने तिला कधीतरी सांगितलं असणार.

बसलो. समोरून, वीस पावलांवरून, मेंढ्या जायला लागल्या. एकेक घंटा वाजत होती. कळपामागे मेंढीवाला, हातात बंदूक, नजर आमच्यामागच्या फटीवर. मागे वळून बघायची सोय नव्हती. ती बाहेर आली आणि उजवीकडून निघून गेली तर मला आधी गोळी ऐकू येणार होती, मग कळणार होतं. मी दात आवळून गप्प राहिलो. माझ्यासारख्याला ते किती जड गेलं ते मलाच माहीत. हिचा खांदा माझ्या खांद्याला लागून होता.

मेंढ्या संपत आल्या तेव्हा माझ्या उजव्या तळहाताला काहीतरी ओलं लागलं. घट्ट्यांमुळे आधी कळलं नाही. मग जीभ फिरली तशी कळली.

मी हळूच पट्टा धरला, त्यात खिशातला, तुटलेल्या दोरीचा तुकडा ओवला. ही वळली आणि तिने हात पुढे केला. भिंगरी माझ्या पाठीमागे दडली, माझ्या अंगात शिरायला बघावं तशी. ज्याने बटण दाबलं त्याच्या आडोशाला, आणि जिने टाळी वाजवली तिला भिऊन.

मेंढीवाल्याने बंदूक परत खांद्याला अडकवली. "बाईंना का घाबरते ती एवढी?" त्याने विचारलं. "मारता काय तिला?"

ही काही बोलली नाही. बोलली असती तरी त्याला ऐकू गेलं नसतं. मी बोलायला हवं होतं. माझा आवाज शाबूत होता, पण तो तेवढ्यापुरता बसला.

तो गेल्यावर हिने खुणेनेच पट्टा काढायला सांगितला. भिंगरीच्या गळ्यावर, केसांखाली, दोन लाल ठिपके उठले होते.

"किती?" हिने विचारलं.

"साठ. मी हातावर लावून बघितलं होतं, नियमाप्रमाणे. साठावर मुंगी चालली, खरंच सांगतो."

तिने माझा तळहात हातात घेतला आणि घट्ट्यांवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. मी काही म्हणायच्या आत तिने पट्ट्याची टोकं स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला दाबली, माझ्या मांडीवरचा रिमोट उचलला आणि बटण दाबलं.

तिचं तोंड उघडलं. पूर्ण उघडलं, मानेच्या शिरा ताठ झाल्या, आणि आवाज काहीच आला नाही. रिमोट गवतात पडला. ती मनगट पोटाशी धरून वाकून बसली. मी तिला धरलं तर अंग लाकडासारखं कडक.

बऱ्याच वेळाने तिने माझा कान जवळ ओढला.

"अहो," ती म्हणाली, "ती येत होती."

एवढंच म्हणाली. त्यावर आजतागायत दुसरा शब्द नाही. तिने शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मेहुणा येऊन पट्टा घेऊन गेला. मी सगळं सांगितलं, तळहातासकट. तो माझ्यावर चिडला नाही, बहिणीकडे बघत राहिला. "ताई, माणसाची भीती जाईल हळूहळू," तो म्हणाला. "टाळीचं मात्र सांगता येत नाही. टाळी विसर आता." डॉक्टरांनी तिचा आवाज काढून घेतला तो नाइलाजाने. त्यावर तिने कष्टाने दुसरा आवाज तयार केला होता, तो मी काढून घेतला.

याला दोन महिने झाले. भिंगरी वीस हात लांब दोरीवर असते आणि दोरी मी धरतो. मेंढीवाला लांबून हात करतो. ही रोज संध्याकाळी अंगणात कुत्रीकडे पाठ करून बसते, शेजारी अंड्याचा तुकडा ठेवून. पहिल्या महिन्यात भिंगरी अंडं सोडून द्यायची. आता मान लांब करून तुकडा उचलते आणि माझ्याकडे पळून येते. माझ्या पायावर डोकं ठेवून खाते. मी पाय काढून घेतो. ती पुन्हा ठेवते.

घरात आता टाळी वाजत नाही. मी माळ्यावर काहीबाही दुरुस्त करत बसलेला असतो, तर मला जेवायला बोलवायला ही पूर्वी खालून एक टाळी द्यायची. आता गुडघे दुखत असताना सगळा जिना चढून येते आणि माझ्या खांद्याला हात लावते.

परवा मी म्हणालो, "अगं, भिंगरी बाहेर बांधलेली आहे. एक टाळी वाजवली असतीस तर चाललं असतं."

तिने खिडकीतून खाली अंगणात बघितलं. मग माझ्या कानाशी वाकली.

"ऐकू जातं तिला," ती म्हणाली. "चला, जेवून घ्या."