हनुवटीवरचं बोट

प्रेरणाने कळ दाबली आणि सोनूने वाटीत मणी टाकला. पुन्हा कळ, पुन्हा मणी. कानांवर मोठे हेडफोन, नजर समोर, पाठ ताठ. आवाज ऐकू आला की मणी टाकायचा, हा खेळ इतर मुलांना समजावताना प्रेरणाचा घसा बसला होता. सोनूला समजावावंच लागलं नाही. दाराशी उभं राहून तिने आधीच्यांचं बघितलं होतं आणि खुर्चीवर बसताच स्वतः वाटी पुढे ओढून घेतली होती.

शेजारच्या स्टुलावर बसलेली पंचशीला मनातून सुखावली. मतिमंद मुलांसाठी भालकीत तिने हे केंद्र काढलं, तेव्हा पहिल्या वर्षी आलेल्यांत सोनू होती. आता ती सतरा वर्षांची झाली होती.

प्रेरणा थांबली. तिने खांद्यावरची ओढणी काढली, यंत्रावर आणि आपल्या हातावर टाकली. ओढणीखाली तिने कळ दाबली, वरून काहीच हललेलं दिसलं नाही. सोनूच्या चिमटीत मणी तसाच राहिला. पुन्हा कळ. मग प्रेरणाने आवाज शेवटपर्यंत वाढवला. हेडफोनमधून बाहेर झिरपणारी शिट्टी पंचशीलाला स्टुलावर ऐकू आली.

सोनू ओढणीकडे बघत राहिली.

"ती माझं मनगट बघत होती," प्रेरणा हळू आवाजात म्हणाली. "मनगट हललं की मणी. आवाज तिने एकही ऐकलेला नाही."

"म्हणजे?"

"तिला ऐकू येत नाही, ताई. बहुतेक जन्मापासून. मोठ्या यंत्रावर खात्री करून घेऊ. पण इतकं बारीक मनगट वाचणारी मुलगी मंदबुद्धी असेल, असं मला वाटत नाही."

पंचशीला उठली आणि खिडकी लावून आली. वारा नव्हता, धूळ नव्हती. ती परत स्टुलावर बसली.

"ती माझं सगळं ऐकती की," ती म्हणाली. "चल म्हणलं की चलती. ताट घे म्हणलं की घेती."

"ताट घे म्हणताना तुम्ही हात कुठे करता?"

पंचशीलाने आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. तो मांडीवर पडला होता. तिने तो उचलून पदराखाली घेतला.

मागच्या महिन्यात ती कलबुर्गीला एका प्रशिक्षणाला गेली होती. छोट्या संस्थांनी डॉक्टर, इंजिनिअर, वकील अशा जाणकारांची स्वयंसेवक म्हणून मदत कशी घ्यावी, हे तिथे शिवप्रसाद नावाचे गृहस्थ शिकवत होते. पंचशीलाच्या केंद्रात स्वयंसेवक म्हणजे वाढदिवसाला केळी घेऊन येणारी माणसं, नाहीतर भिंतीवर हत्ती-ससे रंगवून फोटो काढून जाणारी. शिवप्रसाद म्हणाले होते, जाणकाराच्या हाती केळ्यांची टोपली देऊ नका, त्यालाच येतं ते काम त्याच्याकडे मागा. पंचशीलाने संगणक शिकवणारा मागितला. तेव्हा त्यांनी विचारलं, "तुमच्या मुलांबद्दल तुम्हाला काय माहीत नाही?"

तिला राग आला होता. कुणाला झटके कधी येतात, कुणाला वरणात मिरची चालत नाही, कोण अंधाराला भितं, तिला सगळं माहीत होतं. आजूबाजूचे उत्तरासाठी थांबले म्हणून काहीतरी बोलायचं, तसं ती बोलून गेली, "कान. कान कुणाचेच तपासले न्हाईत कधी." त्या एका शब्दावर हैदराबादच्या दवाखान्यात कान तपासणारी, मूळ उदगीरची प्रेरणा सुट्टी काढून इथे आली होती.

दुपारी सोनूला न्यायला तिची आई आली. सत्यभामाबाई रोज गावाहून बसने तिला आणून सोडायची, शेतातलं आटोपून न्यायला यायची. ती फाटकातून आत शिरताना सोनूला दिसली. सोनूने तर्जनी हनुवटीवर टेकवली, एकदा, दोनदा, तीनदा. सत्यभामाबाईने येता येताच तिचा हात धरून खाली केला आणि तसाच धरून ठेवला.

पंचशीलाने तिला बसायला लावलं, पाणी दिलं आणि सरळ सांगितलं. दुसरं कसं सांगावं, ते तिला सुचलं नाही.

"बहिरी हाय म्हणजे?" सत्यभामाबाईने विचारलं. "येडी न्हाई?"

"न्हाई."

"शिबिरात डाक्टरनं सांगितलं व्हतं."

"व्हय. मीबी तेच धरून चालले."

सत्यभामाबाईने पाणी प्यायलं नाही. पेला दोन्ही हातांत धरून ती लेकीकडे बघत राहिली. हात मोकळा झाल्यावर सोनूने पुन्हा तर्जनी हनुवटीला लावली.

"हे ती कधी करते?" प्रेरणाने विचारलं.

"चाळाच हाय तो तिचा," पंचशीला म्हणाली. "सकाळी आई सोडून गेली की लई करती. एकदा पुलावर पाणी आलं, बस बंद पडली, तर सत्यभामाबाई न्यायला येऊ शकल्या न्हाईत. तवा रातभर करायली होती. कातडी सोलली हनुवटीची. मग आम्ही हाताला फडकं बांधून..."



प्रेरणा सोनूसमोर जाऊन उभी राहिली. तिने स्वतःच्या हनुवटीवर तीन वेळा बोट टेकवलं आणि दोन्ही तळवे वर करून भुवया उंचावल्या. सोनू क्षणभर थिजली. मग तिने आईचा दंड पकडला, तिला खुर्चीवरून उठवलं आणि ओढत प्रेरणापुढे आणून उभं केलं. पेल्यातलं पाणी फरशीवर सांडलं.

सत्यभामाबाईच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन हिरवे ठिपके होते.

"तुमचं नाव आहे ते," प्रेरणा म्हणाली. "ती तुम्हाला हाक मारते."

सत्यभामाबाईने गोंदणावर हात नेला आणि तिथेच दाबून धरला.

"मी मारलंय तिला ह्यावरनं," ती म्हणाली. "पाव्हण्यांसमोर करायली म्हणून."

सोनू आईच्या चेहऱ्याकडे बघत होती.

पंचशीला ओसरीवर आली. तिने शिवप्रसादांना फोन लावला.

"झालं का ताई कानाचं काम?" त्यांनी विचारलं.

"झालं." "दुसरं माणूस पाहिजे सर. हातानं बोलायला शिकवणारं. मुलीला, आईला, आम्हालाबी. अन् ते माणूस बहिरं असलं तर बरं."

"बहिरंच कामून?"

"ऐकणारे आम्ही हितंच व्हतो की इतकी वर्षं."

शिवप्रसाद म्हणाले, कलबुर्गीत सुगत म्हणून एकजण आहे, छापखान्यात पानं लावतो, ऐकू येत नाही, सुट्टीच्या दिवशी मुलांना खुणांची भाषा शिकवतो. विचारून बघतो.

"एक दिस येऊन जायचं काम न्हाई म्हणावं," पंचशीला म्हणाली. "वरीस लागंल. हे आधीच सांगा त्याला."

ती आत आली तेव्हा सांडलेलं पाणी तसंच होतं. प्रेरणा बोट दाखवत होती आणि सोनू भराभर उत्तरं देत होती. आईकडे बोट केलं की हनुवटी. स्वयंपाकाच्या सुमनबाईंकडे केलं की भाकरी थापणारे दोन तळवे. सुमनबाईंनी तोंडाला पदर लावला. पंचशीलाकडे बोट गेलं, तेव्हा सोनूने नाकाच्या शेंड्यावरून बोट वर सरकवलं, पंचशीला घसरलेला चष्मा वर सारायची तसं. हे बोट पंचशीलाने हजारदा पाहिलं होतं. कधी जेवताना, कधी प्रार्थनेच्या वेळी, कधी ती दुसऱ्या मुलात गुंतलेली असताना. प्रत्येक वेळी तिने डोळे वटारले होते.

"तिची ती काय म्हणती?" सत्यभामाबाईने विचारलं. "सवताला?"

प्रेरणाने सोनूच्या छातीकडे बोट केलं आणि भुवया उंचावल्या.

सोनूने त्या बोटाकडे बघितलं. मग ते कुणाकडे आहे हे बघायला ती मागे वळली.