तुटलेलं जनुक

फौजदारीण हे काही तिचं खरं नाव नव्हे. तिच्या नजरेतून काही सुटत नाही म्हणून प्रयोगशाळेतल्यांनी पाडलेलं. विषाणूचं कुठलं जनुक कुठे सुरू होतं, कुठे संपतं हे नोंदवणारा आणि मशीनने वाचलेल्या जनुकाच्या अक्षरांत खोट दिसली की लाल शेरा मारणारा प्रोग्राम तिनेच बांधला होता. जनुक मध्येच तुटलं? मशीनची चूक, नमुना बाद! नियमही तिचाच.

आणि आता बाईसाहेब स्वतःच विलगीकरणाच्या खोलीत बंद. ताप उतरला होता, पण विषाणू जुनाच, साधा आहे असा अहवाल आल्याशिवाय दार उघडणार नव्हतं. अहवाल येणार कसा, कपाळ? तिच्या नमुन्यावर तिचाच प्रोग्राम लाल शेरा मारून बसला होता. नमुना पुन्हा वाचला, पुन्हा लाल. खिडकी उघडत नव्हती, भिंती अंगावर येत होत्या, आणि घरी लेक आजीचं डोकं खात होती.

प्रयोगशाळेच्या साहेबांचा फोन आला. "अगं, मशीनने एक अक्षर गाळलंय. जुन्या विषाणूतलं उचल आणि भर. हिरवं झालं की संध्याकाळी घरी! नेहमी करतो तेच."

करत होतेच सगळे. तिने लॅपटॉप ओढला, अक्षर भरलं. हिरवं! तिचा जीव भांड्यात पडला. आता फक्त पाठवायचं होतं.

तेवढ्यात लॅपटॉपवर दुसऱ्या प्रयोगशाळेच्या मशीनने वाचलेला नवा नमुना आला. तिच्या लेकीचा. तिने सासूबाईंना फोन लावला.

"कणकण होती गं, म्हणून तपासायला नेलं. तुला उगाच घोर नको म्हटलं."

नमुना लाल झाला. तेच जनुक, त्याच जागी तुटलेलं. दोन वेगळ्या मशीन एकाच जागी कशा चुकतील? जनुक खरंच तुटलं होतं. विषाणू नवा होता, आणि लेकीला तो तिनेच दिला होता.

दोन्हीकडे अक्षर भरलं की दोघी घरात, आणि विषाणू गावभर मोकळा. नाही भरलं तर लेकही अशाच एका बंद खोलीत. इकडे आड, तिकडे विहीर. ती हमसून हमसून रडली. मग भरलेलं अक्षर खोडलं, आपला नियम काढून टाकला आणि दोन्ही नमुने होते तसे पाठवले.

तिने पुन्हा सासूबाईंना फोन लावला. "आई, तिचे कपडे भरा. गाडी येतेय."

"अगं बाई! म्हणजे तू सुटलीस?"

"नाही आई. गाडी तिला न्यायला येतेय."