बाबांची जुनी सिस्टीम

बाबांच्या मते नवा कॉम्प्युटर म्हणजे निव्वळ फसवणूक. त्यातली बटणं कोणीतरी रोज हलवून ठेवतं, आणि ते कोणीतरी म्हणजे मी! उभा जन्म या माणसाने घरच्या पुढच्या खोलीत डीटीपीचा धंदा केला. व्हिजिटिंग कार्ड, लेटरहेड, पावतीपुस्तकं. आई गेल्यापासून त्यांना काही आठवेनासं झालं. डॉक्टर म्हणाले, हाताला सवयीचं काम द्या, नाहीतर हळूहळू मिटत जातील. काम द्यायला माझी काय ना होती? पण नव्या कॉम्प्युटरसमोर बसले की लगेच डोकं धरायचे आणि ‘ठमे, बघ गं हे’ म्हणून हाक मारायचे. मी ऑफिसचं काम टाकून यायची, बटण दाखवायची, वर चार शब्द सुनावायची. माझंही डोकं काही थंड नाही.

जुनं कसं दणकट होतं, हे एकच पालुपद. दणकट कसलं डोंबलाचं! ते सारखं अडकायचं आणि बाबा टेबलावर मूठ आपटायचे, हे मला लख्ख आठवत होतं. पण त्यांच्याशी वाद कोण घालणार? कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला गाठलं. तो आधी हसला. मग म्हणाला, तुमच्याच जुन्या मशीनवर जुनी सिस्टीम टाकून देतो, पण इंटरनेटला जोडू नका, आणि बंद पडली तर माझ्या नावाने खडे फोडू नका. मी माळ्यावरून ते मशीन आणि तो डबडा मॉनिटर खाली काढला आणि शिंकून शिंकून बेजार झाले.

मशीन सुरू झालं, ती जुनी धून वाजली आणि काय सांगू, बाबांची पाठच ताठ झाली. न बघता माउस धरला. एक लेटरहेड मांडलं, अक्षरांमधली जागा जुळवली, बोटं नुसती भराभर. मला रडूच फुटलं. मिळाला माझा बाप परत, असं वाटलं. शेजारणीलासुद्धा बोलावून दाखवलं.

थोड्या वेळाने मशीन अडकलं. आता मूठ आपटणार म्हणून मी धावत आले, तर बाबा शांत बसलेले.

“बसा ताई,” ते मला म्हणाले. “जरा हँग झालंय. माझी मुलगी येईलच शाळेतून, पाणी देईल तुम्हाला.”

आधी वाटलं थट्टा करताहेत. अहो बाबा, मीच ती, असं मी म्हटलं. गिऱ्हाइकाकडे बघून हसावं तसे ते हसले. बायको बाजारात गेलीय, नाहीतर चहा केला असता, म्हणाले.

मग रोज तेच. मशीन बंद केलं की हळूहळू मला ओळखायचे, सुरू केलं की मी ताई. शेवटी माझं टाळकं सटकलं. वायरी उपटल्या, सगळं पलंगाखाली ढकललं आणि नवा कॉम्प्युटर टेबलावर मांडला. तो बिचारा कधी अडकत नाही. अडकतात ते बाबा.

दुपारी त्यांनी हाक मारली. पडद्यासमोर हात मांडीवर ठेवून बसले होते.

“ठमे, मला काहीच येत नाही गं आता.”

माझा हात घट्ट धरून ते हमसून हमसून रडले. मला ओळखत होते, अगदी नीट ओळखत होते, म्हणून तर माझ्याजवळ रडत होते. मी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. दुसरं करणार काय? मला माझा बाप हवा होता, पण त्याचे हे हाल बघवेनात.

शेवटी पलंगाखाली वाकले. एकेक वायर जोडली. धून वाजली तशी बाबांनी डोळे पुसले, चष्मा चढवला आणि खुर्ची पुढे ओढली.

“बोला ताई, काय छापायचंय?”

व्हिजिटिंग कार्ड, मी म्हटलं. त्यांनी नाव विचारलं. मी माझं नाव सांगितलं. त्यांनी ते टाइप केलं, जरा मोठं केलं, बरोबर मध्ये आणलं आणि बघत राहिले.

“अरे वा,” ते म्हणाले. “आमच्या मुलीचंही हेच नाव आहे.”